उत्तर कोणी द्यावयाचे?



आज आपण ज्या वेळणेश्वरात जमलो आहोत, तेथून किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की गुहागर लागते. त्यापुढे धोपाव्याचा धक्का येतो, आणि तेथून फेरीबोटीने दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका सुरू होतो. खाडीच्या अलीकडे, आपल्याच गुहागर तालुक्यात, कोतळूक हे गाव आहे. तेथे 1866 साली गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. खाडीच्या पलीकडे मुरुड हे गाव आहे. ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव, आणि 1882 साली तेथेच त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्म झाला. आजचा विषय शाळेतील लैंगिक शिक्षणाचा आहे. तो हाती घेताना ही दोन नावे प्रथम आठवतात, याला कारण आहे. मुलांना शिकवणे हे समाजाचे सक्तीचे कर्तव्य आहे, असे देशाच्या कायदेमंडळात पहिल्याने सांगितले ते गोखल्यांनी. शरीराविषयीचे सत्य सांगणे हा शिक्षणाचाच भाग आहे, असे महाराष्ट्रात जन्मभर सांगितले ते रघुनाथरावांनी. एकाने 'शिकवलेच पाहिजे' म्हटले आणि दुसऱ्याने 'हेही शिकवले पाहिजे' म्हटले. ही दोन वाक्ये अद्याप एकमेकांना नीटशी भेटलेली नाहीत. ती का भेटली नाहीत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभी एक घरगुती आठवण सांगतो. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ती महाराष्ट्रातील कोणतीही शाळा असू शकेल. शास्त्राच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आला की आमचे गुरुजी पुस्तक मिटत आणि म्हणत, "हा धडा घरी वाचा." आम्ही तो घरी वाचला, हे निराळे सांगावयास नकोच. वर्षभरात न सांगता वाचलेला तेवढाच धडा असेल. परंतु वाचून जे प्रश्न मनात आले ते कोणाला विचारावयाचे, हे कोणी सांगितले नाही. घरी विचारण्याची सोय नव्हती. शाळेने पुस्तक मिटले होते. मग उत्तरे दिली ती वरच्या वर्गातील एका नापास विद्यार्थ्याने. त्यांतील बहुतेक चुकीची होती, हे कळावयास आम्हांला पुढे कित्येक वर्षे लागली. गुरुजी वाईट नव्हते. ते संकोचले होते, एवढेच. पण एका सज्जन माणसाच्या संकोचामुळे चाळीस मुलांचे शिक्षण एका नापास मुलाच्या हाती गेले. या लहानशा प्रसंगात आपल्या समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास साठवलेला आहे, असे मला वाटते.

आता गोखल्यांकडे वळू. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अगदी मवाळ होते. सरकारच्या पूर्वसंमतीने स्थानिक संस्थांनी आपापल्या हद्दीत 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांना शाळेची सक्ती करावी, एवढीच त्यातील मागणी होती. तीवरही केवढा गदारोळ झाला! मूल आईबापांचे आहे, त्याला शाळेत घालावे की शेतावर न्यावे हे ठरवणारे सरकार कोण, असे विचारले गेले. लोकांची तयारी नाही, पैसा नाही, शिक्षक नाहीत, घाई करू नये, असेही सांगण्यात आले. मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी विधेयक पडले. गोखले 1915 साली वारले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने केला तो 2009 साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. 1911 साली जे आक्षेप शहाणपणाचे वाटत होते ते आज कोणी उच्चारूही धजणार नाही. ते आक्षेप आपण ध्यानात ठेवावेत, अशी विनंती आहे. मूल आईबापांचे आहे, लोकांची तयारी नाही, शिक्षक नाहीत, वय लहान आहे: हेच शब्द आपल्याला या कथेत पुन्हा भेटणार आहेत.

आता खाडी ओलांडून मुरुडास जाऊ. कर्वे घराण्याचा आणि लोकनिंदेचा संबंध जुना आहे. धोंडोपंतांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. रघुनाथ हा पहिल्या पत्नीचा, राधाबाईंचा, मुलगा. तो अकरा वर्षांचा होता. आपल्या वडिलांनी काही वाईट केले नाही, तरी सारे गाव त्यांच्याशी बोलत नाही, हे त्या वयात पाहिलेल्या मुलाच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो. लोकमताची भीती या माणसाला पुढे कधी वाटली नाही, एवढे मात्र खरे.

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. गणिताच्याच अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले होते. गणिती माणसाची एक खोड असते. गृहीत धरलेली गोष्ट सिद्ध झाल्यावाचून तो पुढे सरकत नाही. स्त्रीपुरुषसंबंधाविषयी समाजात जी गृहीते चालत आली होती, त्यांना रघुनाथरावांनी हीच कसोटी लावली. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले ते याच वर्षी, हे सांगितले म्हणजे कर्वे काळाच्या किती बरोबरीने चालत होते ते कळेल. 1923 साली त्यांची दोन पुस्तके निघाली. एक संततिनियमनावर होते, दुसऱ्याचे नाव 'गुप्तरोगांपासून बचाव' असे होते. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवीत असत. हे कार्य आणि ती नोकरी एकत्र चालेना, तेव्हा 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. उत्पन्न गेले, कार्य राहिले. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. पत्नी मालतीबाई यांनी या संसारात ओढाताण किती सोसली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या कार्याला एक विशेष अर्थ आहे. रत्नागिरी जिल्हा म्हणजे चाकरमान्यांचा जिल्हा. घरातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, बायको गावी सासूसासऱ्यांजवळ, आणि भेट शिमग्याला नाहीतर गणपतीला: असे संसार येथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. दहा माणसांच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला मुंबईत काय काय भेटत असे, आणि सुट्टीला येताना तो कित्येकदा गावी काय घेऊन येत असे, हे जाणत्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे. रोग झालेली बाई आपले दुखणे अंगावर काढी आणि त्याला दैव म्हणे. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा याचे पुस्तक मराठीत लिहिणे म्हणजे चावटपणा, असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई कधी आली नसावी.

'समाजस्वास्थ्या'चा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असे मला कोणी विचारले तर मी वाचकांच्या प्रश्नोत्तरांकडे बोट दाखवीन. जे कोणालाच विचारता येत नव्हते ते लोक पत्राने कर्व्यांना विचारीत, आणि ते आडपडदा न ठेवता उत्तर देत. गंमत अशी की, कर्व्यांवर खटले झाले त्यांतील एक याच प्रश्नोत्तरांवरून झाला. पहिला खटला 1931 साली एका लेखावरून झाला होता आणि त्यात त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 सालचा खटला गुजराती अंकात वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी कोणी विचारले होते आणि कर्व्यांनी सांगितले होते. सरकार पक्षाला ते अश्लील वाटले.

कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे, तेही आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेलेले, देशभर नाव झालेले. आणि हा मोठा माणूस एका लहान मासिकाच्या अप्रिय संपादकासाठी मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता: विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही. लोक प्रश्न विचारतात, तर जाणत्याने उत्तर दिले पाहिजे. प्रश्नात कोणाला विकृती दिसत असेल तरी तिचा उपाय ज्ञान हाच आहे. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. खटला हरला, तरी युक्तिवाद हरला असे म्हणता येणार नाही. चारच वर्षांनी, 1938 साली, आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तोही मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या वादात एका बाजूला ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला सारा सनातनीपणा होता, असे चित्र काढणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. महात्मा गांधी कृत्रिम संततिनियमनाच्या पूर्ण विरुद्ध होते. डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला येऊन भेटल्या, तरी त्यांचे मत पालटले नाही. कर्व्यांनी तर गांधींच्या ब्रह्मचर्यविचारावर सडकून टीका केली. पण 1936 साली याच गांधींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की, कामवासनेकडे डोळेझाक करून तिच्यावर विजय मिळत नाही, म्हणून मुलामुलींना जननेंद्रियांचे महत्त्व आणि योग्य उपयोग शिकवण्याला आपली अनुकूलता आहे. ते शिक्षण संयमाकडे नेणारे हवे, अशी त्यांची अट होती. कर्व्यांना ही अट मान्य झाली नसती. तथापि मुलांना अज्ञानात ठेवू नये, या एका मुद्द्यावर भोगवादी म्हणून हिणवला गेलेला संपादक आणि ब्रह्मचर्याचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता हे दोघे एकत्र येतात. शिकवणीचा हेतू काय असावा याविषयी सभ्य माणसांत मतभेद असू शकतात. शिकवूच नये, असे या दोघांपैकी कोणीच म्हटले नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? 1952 साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांना नोकरी सोडावी लागली, ती त्यांच्या हयातीतच सरकारी धोरण झाली. त्यांच्या आप्त शकुंतला परांजपे यांनी खेडोपाडी हे काम पुढे नेले. रँग्लर परांजप्यांची ही कन्या. तेही घराणे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. पुढे त्या विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या सभासद झाल्या. हे सारे चांगलेच झाले. पण बारकाईने पाहिले तर ध्यानात येईल की, सरकारने कर्व्यांच्या विचाराचा अर्धाच भाग उचलला. लोकसंख्या हा आकड्यांचा प्रश्न होता, तेव्हा तो घेतला. कार्यक्रम विवाहित प्रौढांसाठी होता. भिंतीवरचा लाल त्रिकोण खेड्यातल्या मुलांना रोज दिसे, पण त्याचा अर्थ विचारला तर "तुला काय करायचे आहे" हे उत्तर मिळे. प्रश्न विचारणारा तरुण, वयात येणारी मुलगी आणि भ्यालेले मूल यांना त्या कार्यक्रमात जागा नव्हती.

ती जागा पुन्हा व्यक्तींनीच भरली. मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे व्रत कित्येक दशके चालवले. 1978 साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंबनियोजन संघटनेत लैंगिक शिक्षण व समुपदेशनाचे केंद्र निघाले. 2005 पासून तर ते मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात रोज उत्तरे देत, आणि 2020 साली 96 व्या वर्षी त्यांचा अंत झाला. कर्व्यांच्या मासिकापासून डॉ. वत्सांच्या सदरापर्यंत कित्येक दशकांचे अंतर आहे. प्रश्न विचारणारे हजारो आणि उत्तर देणारा एकटा, हा प्रकार मात्र तोच राहिला. ज्या समाजात शाळा बोलते, तेथे वर्तमानपत्राच्या सदराला एवढी पत्रे येत नाहीत.

शाळेचे दार ठोठावले ते अखेर रोगाने. 1986 साली भारतात एच. आय. व्ही.ची लागण प्रथम आढळली, आणि पुढच्या दशकात महाराष्ट्र हे सर्वाधिक झळ लागलेल्या राज्यांपैकी एक ठरले. मुंबईशी बांधलेल्या जिल्ह्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. 2005 च्या सुमारास केंद्राचे शिक्षण खाते आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून माध्यमिक शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आखला. शिक्षकांसाठी पुस्तिका आणि चित्रे तयार झाली. त्या चित्रांवरून वादळ उठले. 2007 साली अनेक राज्यांनी हा कार्यक्रम थांबवला, आणि त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्रही होता. काही चित्रे खरोखरच वयाला न शोभणारी असतील, असे धरून चालू. तसे असेल तर चित्रे बदलावयाची असतात. भूगोलाच्या पुस्तकात नकाशा चुकला म्हणून आपण भूगोल बंद करीत नाही.

त्याच 2007 साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र धरून 13 राज्यांतील 12,447 मुलांशी बोलून तो केला होता. त्यांपैकी 53.22 टक्के मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकावा असे होते. बहुतेक मुलांनी ते कोणाला सांगितलेच नव्हते. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. मुलांना काही कळू नये म्हणून ज्या वर्षी आपण शाळेचे पुस्तक मिटले, त्याच वर्षी हे कळले की निम्म्याहून अधिक मुलांना ते आधीच आणि अत्यंत वाईट रीतीने कळलेले आहे. त्यांना कळले नव्हते ते एवढेच, की हे आपल्यावर होता कामा नये आणि झाले तर बोलावे.

2009 सालही असेच विलक्षण आहे. त्या वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने, शाळेत लैंगिक शिक्षण देऊ नये, असा अभिप्राय दिला. त्याच वर्षी युनेस्कोने या शिक्षणाविषयी जगातील अभ्यास एकत्र करून मार्गदर्शिका काढली. असे शिक्षण दिल्याने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि 2018 च्या सुधारित आवृत्तीतही तो कायम राहिला. आणि त्याच 2009 साली आपल्या संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला. गोखल्यांचे वाक्य कायदा झाले, त्याच वर्षी कर्व्यांचे वाक्य दारातून परत पाठवले गेले.

आता विरोधकांचे म्हणणे न्यायबुद्धीने पाहू. पहिला आक्षेप असा की, हे आईबापांचे काम आहे. अगदी मान्य! पण येथे जमलेल्यांपैकी किती जणांना आपल्या आईबापांनी हे सांगितले आणि किती जणांनी आपल्या मुलांना सांगितले, याचे उत्तर प्रत्येकाने मनात द्यावे. शिवाय ज्या मुलाला घरातच भय आहे, त्याने घरात कोणाला विचारावयाचे?

दुसरा आक्षेप वयाचा आहे. महर्षी कर्व्यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. वय खरोखर पुरे होते. पाहणाऱ्याला ते दिसले नाही. आपल्या मुलांविषयीही आपले असेच होते. सहा वर्षांच्या मुलाला प्रजननाचे शास्त्र सांगा, असे कोणी म्हणत नाही. त्याला एवढे सांगावयाचे की, तुझ्या अंगाला या ठिकाणी कोणी हात लावता कामा नये, आणि कोणी लावला व 'सांगू नको' म्हटले तर ते अवश्य सांगावयाचे. दहा वर्षांच्या मुलीला पाळीविषयी पाळी येण्यापूर्वी सांगावयाचे, म्हणजे शाळेत झग्यावर रक्त पाहून आपण मरणार असे तिला वाटणार नाही. पंधराव्या वर्षी रोग, गर्भधारणा, संमती आणि जबाबदारी यांविषयी. प्रत्येक वयाचे शिक्षण निराळे आहे. गणितातही आपण पहिलीत बीजगणित शिकवीत नाही.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा आहे. स्वीडनने 1955 साली हे शिक्षण शाळांना सक्तीचे केले, म्हणून ते पाश्चात्यांचे खूळ, असे म्हटले जाते. पण इंग्लंडने माध्यमिक शाळांत ते सरसकट सक्तीचे केले ते 2020 साली. म्हणजे पाश्चात्य देशही या बाबतीत चाचपडतच आले आहेत. आणि आपल्याकडे 1927 सालीच एक मराठी माणूस हे मराठीत सांगत होता. उसने आणण्याचा प्रश्न येतोच कोठे?

चौथा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि मला तोच सर्वांत खरा वाटतो. आमचे गुरुजी पुस्तक मिटत, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते म्हणून आणि पालक काय म्हणतील या भयाने. भिडस्त माणसाला एकट्याने धैर्य दाखवावयास सांगणे हा अन्याय आहे. येथेच सक्तीचा खरा उपयोग आहे. नियम झाला, प्रशिक्षण झाले, तास ठरला, म्हणजे तेच गुरुजी पालकांना सांगू शकतात, "बाबारे, हा अभ्यासक्रम आहे; मला शिकवावाच लागतो." येथे सक्ती जितकी मुलावर असते, त्याहून अधिक ती शिक्षकाला संरक्षण असते. कर्व्यांना हे संरक्षण कोणी दिले नाही. त्यांनी नोकरी दिली, दंड भरला, आणि तरी उत्तर दिले. प्रत्येक शाळेत एक रघुनाथराव निपजेल, या आशेवर कोणत्याही समाजाने आपली मुले सोपवू नयेत.

गेल्या काही वर्षांत पावले पडली आहेत, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. 2012 साली बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा झाला. त्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि गुन्हा ठाऊक असूनही न कळवणे हाच गुन्हा ठरवला. परंतु ज्या मुलाला आपल्या अवयवाचे नावच ठाऊक नाही, ते पोलिसाला आणि न्यायाधीशाला काय सांगणार? 2018 साली केंद्राने शालेय आरोग्याचा कार्यक्रम आणला. त्यात 11 विषय आहेत, प्रजनन आरोग्य हा त्यांपैकी एक. आणि प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, तयार करावेत अशी योजना आहे. त्याच साली महाराष्ट्रात आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन, मासिक पाळीचे चक्र आणि गुप्तरोग हे सारे आहे. त्याच साली 'अस्मिता' योजनेने शाळकरी मुलींना 5 रुपयांत 8 सॅनिटरी पॅड देण्याची सोय झाली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापक लैंगिक शिक्षणाचा विचार करावा असे केंद्राला सुचवले. म्हणजे कागद बराच पुढे गेला आहे. प्रश्न आहे तो तासाचा. पुस्तकात छापलेला धडा वर्गात उघडला जातो की मिटला जातो, हे दिल्लीत ठरत नाही. मुंबईतही ठरत नाही. ते गावोगावच्या शाळेत ठरते, आणि गावकऱ्यांचा धाक किंवा पाठिंबा जसा असेल तसे ठरते.

म्हणून शेवटी एक साधी गोष्ट सुचवितो. आपल्यापैकी अनेकजण शाळा व्यवस्थापन समित्यांवर असतील, निदान पालक तरी असतीलच. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुख्याध्यापकांना जाऊन भेटा आणि विचारा, "तो धडा यंदा कोण शिकवणार आहे?" तक्रारीच्या सुरात विचारू नका, पाठीवर हात ठेवून विचारा. म्हणा, शिकवा, आम्ही तुमच्या मागे आहोत. गरज वाटल्यास आरोग्यकेंद्रातील डॉक्टरीणबाईंना वर्गात बोलवा. मुलांना प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता लिहू द्या. 'समाजस्वास्थ्य' हे दुसरे काय होते? ती महाराष्ट्राने निनावी लिहिलेल्या चिठ्ठ्यांची पेटी होती, आणि ती उघडून उत्तर देणाऱ्याला आपण दंड केला.

दाभोळची खाडी ओलांडावयास फेरीबोटीला फार वेळ लागत नाही. गोखल्यांच्या तीरावरून कर्व्यांच्या तीरावर पोचावयास आपल्याला शंभर वर्षांहून अधिक लागली, आणि अद्याप आपण पाण्यातच आहो. आज रात्री घरी गेल्यावर एखादे मूल काहीतरी विचारील. कदाचित या व्याख्यानाचा विषय काय होता, एवढेच विचारील. तेव्हा पुस्तक मिटू नका.